मंडळी कोणाची ?

गेल्या महिन्यांत आमच्या एका वाचक भगिनींचें पत्र आलें. अक्षर जुन्या वळणाचें, मजकूर दोन पानांचा. पहिल्या पानावर हसूं येईल अशी हकीकत, आणि दुसऱ्या पानाच्या शेवटीं मनास लागेल असा प्रश्न. भगिनींचा भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेंत जॉर्जिया संस्थानांत सहकुटुंब राहतो. शेजाऱ्यांच्या आग्रहावरून तो एका रविवारीं त्यांच्या बॅप्टिस्ट चर्चमध्यें गेला. प्रार्थना झाली, गाणीं झालीं, प्रवचन झालें. आणि आतां उठावें असें त्यास वाटतें न वाटतें तोंच तेथें सभा सुरू झाली. एका गृहस्थानें जमाखर्च वाचला, दुसऱ्यानें छप्पर गळत असल्याची तक्रार केली, एका बाईनें त्या खर्चास उपसूचना मांडली, आणि शेवटीं नव्या धर्मोपदेशकाची नेमणूक करावी कीं नाहीं यावर हात वर करून मतें मोजण्यांत आलीं. हात वर करणारांत एक पंधरा वर्षांची मुलगीही होती. भगिनी विचारतात, "याला धर्म म्हणावें कीं नगरपालिका ?"

हा झाला पहिला प्रश्न. दुसरा असा कीं, भाच्याचा बारा वर्षांचा मुलगा आतां आपल्या मित्राबरोबर दर रविवारीं तेथें जाऊं म्हणतो. "त्याला धरून बाप्तिस्मा तर देणार नाहींत ना ?" हें वाक्य लिहितांना भगिनींचा हात थोडा थरथरला असावा. आम्हांस वाटतें कीं, पहिल्या प्रश्नाचा नीट विचार केला म्हणजे दुसऱ्याचें निम्मेंअधिक उत्तर आपोआप हातीं येईल. म्हणून या वेळीं बॅप्टिस्ट लोक 'चर्च' कशास म्हणतात व तें कसें चालवितात हाच विषय घेत आहों.

शब्दापासून आरंभ करावा ही आमची मास्तरकीची खोड. आपल्याकडील मराठी ख्रिस्ती बांधव 'चर्च' या अर्थीं 'मंडळी' असा शब्द योजितात, व तो फार समर्पक आहे. नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक. तींत या अर्थीं 'एक्लेसिया' असा शब्द येतो. आणि प्राचीन अथेन्स नगरांत 'एक्लेसिया' म्हणजे हांक मारून बोलाविलेल्या नागरिकांची सभा. ती सभा राज्याचे प्रश्न हात वर करूनच सोडवीत असे. तेव्हां भगिनींनीं थट्टेनें काढलेला नगरपालिकेचा शब्द शब्दव्युत्पत्तीच्या दृष्टीनें अगदींच वावगा नाहीं. बॅप्टिस्टांच्या मतें चर्च म्हणजे दगडविटांची इमारत नव्हे, आणि पोप, बिशप व पाद्री यांची चढती उतरंडही नव्हे. एका ठिकाणच्या ज्या माणसांनीं ख्रिस्तावरील आपली श्रद्धा स्वतःच्या तोंडानें सांगितली व जीं परस्परांशीं वचनबद्ध होऊन एकत्र आलीं, तीं माणसें म्हणजे चर्च. इमारत जळाली तरी चर्च शिल्लक राहतें. माणसें पांगलीं तर भव्य इमारत असूनही चर्च उरत नाहीं.

हें मत आज सौम्य वाटतें. सतराव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत मात्र तें राजद्रोहाच्या जवळपास जात होतें. त्या वेळीं राजा हाच राष्ट्रीय चर्चचा प्रमुख. देश लहानलहान धर्मविभागांत वांटलेला. ज्या विभागांत मूल जन्मलें तेथील पाद्र्यानें त्याच्या डोक्यावर पाणी शिंपडावें, आणि तें मूल राजाचें प्रजाजन व चर्चचें सभासद एकदमच व्हावें, अशी व्यवस्था. या व्यवस्थेंत कोणी 'मी सभासद होतों' असें म्हणण्याची गरजच नव्हती, आणि 'मी होत नाहीं' असें म्हणण्याची सोय नव्हती.

या जांचास कंटाळून जॉन स्मिथ नांवाचा धर्मोपदेशक व थॉमस हेल्विस नांवाचा सुखवस्तु गृहस्थ आपल्या अनुयायांसह हॉलंडांत ॲम्स्टरडॅम येथें गेले. तेथें नवा करार पुनःपुन्हां वाचतां स्मिथला असें दिसलें कीं, त्यांत आधीं श्रद्धा व मग बाप्तिस्मा असा क्रम आहे. पाळण्यांतल्या मुलास श्रद्धा कोठची? मग आपला लहानपणचा बाप्तिस्माच खरा नव्हे ! पण नवा द्यावयाचा कोणी ? ज्याचा स्वतःचा संस्कार खोटा, तो दुसऱ्यास खरा संस्कार कसा देणार ? १६०९ सालीं स्मिथनें हा पेंच विलक्षण रीतीनें सोडविला. त्यानें प्रथम स्वतःच स्वतःस बाप्तिस्मा दिला, व मग हेल्विस आणि इतर मंडळी यांस दिला. लोक हंसले, पुढें स्मिथलाही आपल्या कृतीची शंका येऊं लागली, व तो दुसऱ्या एका पंथाकडे वळला. हेल्विस मात्र हटला नाहीं. परदेशांत सुरक्षित बसून राहणें त्यास भ्याडपणाचें वाटलें, आणि तो मूठभर लोकांनिशीं लंडनास परत आला. इंग्लंडच्या भूमीवरील पहिली बॅप्टिस्ट मंडळी ती हीच.

हेल्विसचें पुढील कृत्य प्रत्येक सुशिक्षित माणसानें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. १६१२ च्या सुमारास त्यानें एक पुस्तक प्रसिद्ध केलें आणि त्याच्या प्रतीवर राजा पहिला जेम्स यास उद्देशून स्वहस्तें मजकूर लिहिला. त्याचा आशय असा कीं, राजा हा मर्त्य मनुष्य आहे, देव नव्हे. म्हणून प्रजेच्या अमर आत्म्यांवर त्याची सत्ता चालत नाहीं. पुस्तकांत तर तो याहून पुढें गेला. मनुष्याचा धर्म ही त्याची व ईश्वराची आपसांतली गोष्ट आहे; तेव्हां कोणी पाखंडी असो, मुसलमान असो वा यहुदी असो, धर्मासाठीं त्यास शिक्षा करण्याचा अधिकार ऐहिक सत्तेला नाहीं, असें त्यानें स्पष्ट म्हटलें. आपल्या पंथापुरतें स्वातंत्र्य मागणारे पुष्कळ असतात. ज्यांचीं मतें आपण चूक मानतों त्यांच्यासाठींही तें मागणारा विरळा. हेल्विसला न्यूगेटच्या तुरुंगांत टाकण्यांत आलें, आणि १६१६ पर्यंत तो मरण पावला होता.

आतां या मंडळीचे नियम पाहूं. पहिला नियम बाप्तिस्म्याचा. 'बाप्तिझेइन्' या ग्रीक क्रियापदाचा अर्थ 'बुडविणें'. म्हणून शिंपडणें पुरेसें नाहीं, सर्वांगानें पाण्याखालीं जावें, असें त्यांचें मत. स्मिथनें पाणी ओतूनच भागविलें होतें. निमज्जनाची रीत इंग्रज बॅप्टिस्टांत १६४१ च्या सुमारास रूढ झाली. पाण्याखालीं जाणें म्हणजे जुन्या आयुष्याचें मरण व दफन, वर येणें म्हणजे नवें जिणें, असा तिचा संकेत. लक्षांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, या पाण्यानें पाप धुतलें जातें असें ते मानीत नाहींत. अंतःकरणांत जें आधींच घडलें त्याची ती चारचौघांतली साक्ष होय. म्हणूनच आईबापांच्या वतीनें, पंतोजींच्या वतीनें किंवा राजाच्या वतीनें ती देतां येत नाहीं.

दुसरा नियम सभासदत्वाचा. बाप्तिस्मा घेतलेल्या श्रद्धावंतांचीच मंडळी बनते. सभासदाचा मुलगा जन्मानें सभासद होत नाहीं. तिसरा नियम कारभाराचा. त्यांच्याकडे अधिकारी दोनच : एक पाळक, म्हणजे धर्मोपदेश करणारा, व दुसरा डीकन, म्हणजे गोरगरीब, पैसाअडका व इतर व्यवस्था पाहणारा. बिशप नाहीं. पाळकास मंडळीच बोलावते, मंडळीच वेतन देते, आणि जरूर पडल्यास मंडळीच रजा देते. प्रत्येक श्रद्धावंत हा ईश्वरापुढें स्वतःच याजक आहे, मध्यस्थाची गरज नाहीं, असें एकदां मानल्यावर मताधिकार त्यापासून ओघानेंच निघतो. भाच्यानें पाहिलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीनें हात वर केला तो याच आधारावर. मात्र आपण बहुमतानें ईश्वरास वळवितों असा त्यांचा समज नाहीं. सर्वांनीं मिळून ख्रिस्ताची इच्छा ओळखण्याचा तो प्रयत्न आहे असें ते म्हणतात. तो दर वेळीं सफळ होतो असें नाहीं. गालिच्याच्या रंगावरून मंडळ्या फुटल्याच्या गोष्टी बॅप्टिस्ट लोक स्वतःच हंसत हंसत सांगतात.

चौथा नियम स्वायत्ततेचा. प्रत्येक गांवची मंडळी स्वतःपुरती पूर्ण व स्वतंत्र. अनेक मंडळ्या मिळून संघ किंवा परिषद करतात, परदेशीं उपदेशक धाडतात, विद्यालयें चालवितात. १९०५ सालीं लंडन येथें त्यांचा जागतिक संघही स्थापन झाला. परंतु यांपैकीं कोणत्याही संघास गांवच्या मंडळीवर हुकूम सोडतां येत नाहीं. पांचवा नियम प्रभुभोजनाचा. भाकर व द्राक्षरस हीं ख्रिस्ताच्या मरणाच्या स्मरणार्थ सर्वांनीं मिळून घ्यावयाचीं. या पंक्तीस कोणी बसावें यावर मात्र त्यांच्यांत पूर्वापार वाद आहे. धर्मोपदेशापायीं बारा वर्षें बेडफर्डच्या तुरुंगांत काढलेला जॉन बन्यन म्हणे कीं, पाण्याच्या मतभेदावरून श्रद्धावंतास पंक्तींतून उठवूं नये. त्यानें १६७३ सालीं या विषयावर पुस्तकच लिहिलें. त्याचे प्रतिपक्षी म्हणत, विधिपूर्वक बाप्तिस्मा नाहीं तर भोजनही नाहीं. पंक्तिप्रपंच हा केवळ आपल्याच समाजाचा रोग नव्हे, एवढें यावरून वाचकांस समजेल.

सहावा नियम राज्यसत्तेपासून अलिप्ततेचा. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स वसाहतींत ओबडाया होम्स नांवाच्या बॅप्टिस्टास १६५१ सालीं बोस्टन येथें भर रस्त्यांत चाबकाचे फटके बसले. व्हर्जिनियांत अठराव्या शतकांत त्यांचे उपदेशक परवान्यावांचून बोलल्याबद्दल कैदेंत पडले. ही आठवण ताजी असल्यामुळें नव्या राष्ट्राची घटना होतांना सरकारनें कोणताच धर्म सरकारी करूं नये यासाठीं या लोकांनीं मोठी खटपट केली. १८०२ सालीं अध्यक्ष जेफर्सन यांनीं धर्मसंस्था व राज्यसंस्था यांमधील भिंतीचा जो प्रसिद्ध उल्लेख केला, तो कनेक्टिकटमधील डॅनबरी येथील बॅप्टिस्टांस लिहिलेल्या पत्रांत होय.

या पंथाचा मराठी भाषेशीं एक ऋणानुबंध आहे, तो सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. विल्यम केरी हा मूळचा चांभारकाम करणारा इंग्रज. १७८३ सालीं नॉर्दॅम्प्टन येथें नेन नदींत त्याचा बाप्तिस्मा झाला. १७९३ सालीं तो बंगाल्यांत आला, व पुढें डेन्मार्कच्या ताब्यांतील श्रीरामपूर येथें त्यानें ठाण मांडलें. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत तो मराठी शिकवी. वैजनाथ पंडितांच्या साहाय्यानें त्यानें १८०५ सालीं मराठीचें व्याकरण व १८१० सालीं मराठी-इंग्रजी कोश छापला; कोशांतले मराठी शब्द मोडी लिपींत आहेत. आपल्या भाषेचा छापील कोश एका बॅप्टिस्टाच्या हातून आरंभीं निघाला, हें व्याकरण शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या आम्हांस विसरतां येत नाहीं.

श्रीरामपुरास २८ डिसेंबर १८०० रोजीं केरीनें हुगळींत आपला मुलगा फेलिक्स व कृष्ण पाल नांवाचा सुतार या दोघांस एकाच वेळीं बाप्तिस्मा दिला. पाळकाचा मुलगा असूनही फेलिक्सला त्याच पाण्यांत उतरावें लागलें, हें वाचकांनीं पाहावें. १८०३ सालीं कृष्णप्रसाद नांवाच्या ब्राह्मण तरुणाचा विवाह या सुताराच्या कन्येशीं झाला. जन्मानें सभासदत्व मिळत नाहीं हा नियम एकदां खरा धरला म्हणजे जन्मानें मिळणारी थोरवीही टिकत नाहीं. हें तर्कशास्त्र आमच्या वाचकांपैकीं कांहींस कडू लागेल. पण तें सुसंगत आहे हें कबूल केलें पाहिजे.

दुसरा दुवा मुंबईचा. १८१२ सालीं अमेरिकेंतून हिंदुस्थानाकडे जे पहिले मिशनरी निघाले ते बालकांस बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाचे होते. त्यांतील ॲडोनिराम जडसन यानें, श्रीरामपूरकरांशीं वाद करावा लागेल म्हणून, जहाजावर हा विषय अभ्यासास घेतला. आणि अभ्यासांतीं प्रतिपक्षाचेंच म्हणणें त्यास पटलें. सप्टेंबरांत कलकत्त्यास त्यानें निमज्जन घेतलें व ज्यांच्या पैशानें तो आला होता त्यांची नोकरी सोडली. पुढें तो ब्रह्मदेशांत गेला. त्याच्या बरोबरीचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे मात्र आपल्या मतावर राहिले, आणि १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरून त्यांनीं अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला. नगर जिल्ह्यास सुपरिचित असलेलें मिशन तें हेंच.

श्रद्धा खरी कीं पोटासाठीं, हा प्रश्नही या लोकांस सुटलेला नाहीं. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत तेलुगु मुलुखांत ओंगोल येथील मिशनरी क्लाउ यानें कालव्याच्या खोदाईचें काम घेऊन हजारोंस मजुरी दिली. पण तेवढ्या काळांत मजुरीच्या आशेनें लोक येतील म्हणून त्यानें बाप्तिस्मे बंद ठेवले. दुष्काळ ओसरल्यावर ३ जुलै १८७८ रोजीं एका दिवसांत २,२२२ जणांस नदींत बाप्तिस्मा देण्यांत आला. एवढ्या सर्वांची श्रद्धा कशी पारखली असेल, असा प्रश्न वाचक विचारतील, व तो विचारावा. पण मध्यंतरीं हात आवरून धरण्यामागचा विवेकही मान्य करावा. ईशान्येकडे नागालँडांत तर आज ख्रिस्ती लोकांचें प्रमाण २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें शेंकडा सुमारें ८८ असून त्यांतील बहुसंख्य बॅप्टिस्ट आहेत. अल्पसंख्यांचा म्हणून जन्मलेला पंथ जेथें सर्व गांवाचाच होतो, तेथें 'स्वतः निवडलेली श्रद्धा' हा नियम पाळणें अधिकच कठीण.

आतां दोष. ते झांकून ठेवले तर हा लेख परिचय न राहतां प्रशस्तिपत्र होईल. राजास आत्म्यावर सत्ता नाहीं म्हणणाऱ्या हेल्विसच्या पंथांतच पुढें गुलामांचे मालक झाले. गुलाम बाळगणारास मिशनरी नेमावें कीं नाहीं या वादांतून १८४५ सालीं जॉर्जियांतील ऑगस्टा येथें दक्षिणेकडील मंडळ्यांनीं आपली निराळी परिषद स्थापिली. त्याबद्दल त्या परिषदेनें जाहीर माफी मागितली ती १९९५ सालीं, म्हणजे दीडशें वर्षांनीं. उलटपक्षीं त्याच गुलामांनीं आपल्या स्वतंत्र बॅप्टिस्ट मंडळ्या उभारल्या, आणि वरचा कोणी बिशप नसल्यामुळें त्यांचे पाळक कोणासही भ्याले नाहींत. मार्टिन ल्यूथर किंग हे १९५४ पासून माँटगोमेरी येथील अशाच एका मंडळीचे पाळक होते. एकाच नियमानें मालकासही आश्रय दिला व दासासही.

स्वायत्ततेचें दुसरें दुखणें अलीकडचें. २०२२ सालीं त्याच दक्षिणी परिषदेनें नेमलेल्या बाहेरच्या तपासनीसांचा अहवाल प्रसिद्ध झाला. पाळकांनीं केलेल्या लैंगिक अत्याचारांच्या तक्रारी वर्षानुवर्षें दडपल्या गेल्या. आरोपितांची यादी आंतल्या आंत ठेवली जात होती. आणि 'प्रत्येक मंडळी स्वतंत्र, आम्ही काय करणार?' हें उत्तर पीडितांस दिलें जात होतें, असें त्यांत उघड झालें. स्वातंत्र्याचें तत्त्व जबाबदारी टाळण्याच्या कामीं कसें येतें याचें याहून दुःखद उदाहरण शोधावयास नको. तीच परिषद दुसऱ्या बाबतींत मात्र तत्परता दाखविते. स्त्रियांस पाळक नेमलें म्हणून २०२३ सालीं कॅलिफोर्नियांतील सॅडलबॅक नांवाच्या मोठ्या मंडळीशीं तिनें संबंध तोडला. परंतु येथेंही परिषदेच्या सत्तेची मर्यादा दिसते. संबंध तोडण्यापलीकडे तिला कांहीं करतां आलें नाहीं; सॅडलबॅकची वास्तु सॅडलबॅकची, पाळकही तिचेच.

इतकें पाहिल्यावर भगिनींच्या पहिल्या प्रश्नास आमचें उत्तर असें : तो धर्म आहे, पण कारभार सर्वांच्या हातीं देणारा धर्म आहे, आणि सर्वांच्या हातीं कारभार दिल्यावर जे गुण व जे अवगुण येतात ते सर्व तेथें आहेत.

दुसऱ्या प्रश्नाविषयीं. मुलास धरून बाप्तिस्मा दिला तर तो बॅप्टिस्टांच्याच मतें बाप्तिस्मा नव्हे. जबरदस्तीची भीति भगिनींनीं मनांतून काढून टाकावी. मात्र दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. हा पंथ प्रचारक आहे. मुलाचें मन वळावें अशी त्यांची इच्छा असणार व ते ती लपविणारही नाहींत. शिवाय अमेरिकेंतील कित्येक मंडळ्यांत सात-आठ वर्षांच्या मुलांनाही बाप्तिस्मा देतात, आणि एवढ्या वयांत श्रद्धा ती किती समजून असणार, अशी टीका त्यांच्यांतलेच जाणते लोक करतात. तेव्हां भाच्यानें पाळकांस प्रत्यक्ष भेटून, 'मुलगा आमच्या परवानगीनें येतो, आमच्याशीं बोलल्यावांचून पुढें पाऊल टाकूं नये', असें मोकळेपणानें सांगावें. ज्यांच्या पूर्वजांनीं दुसऱ्याच्या विवेकासाठीं तुरुंग भोगला, त्यांस हें सांगण्यांत संकोच कसला ?

पण खरें काम घरांत आहे. आमची मुंज आठव्या वर्षीं झाली. अर्थ विचारला तेव्हां वडील म्हणाले, "पुढें कळेल." पुढें शिक्षक झाल्यावर आम्हींही शेंकडों मुलांस रूपें व सूत्रें पाठ करावयास लावून तेंच सांगितलें. पाठांतर आधीं व अर्थ मागाहून, या क्रमावर आमचा अजूनही विश्वास आहे. लहानपणीं मुखांत बसलेलें मोठेपणीं उपयोगी पडतें हा आमचा अनुभव आहे. परंतु कित्येकांच्या बाबतींत तो 'पुढें' कधीं आलाच नाहीं, हेंही आम्हीं पाहिलें आहे, आणि त्यांत आमचा वांटा होता हें आतां उतारवयांत जाणवतें. बॅप्टिस्टांचा क्रम उलटा : अर्थ आधीं, संस्कार मागून. तो स्वीकारण्याचें आम्हांस कारण नाहीं. पण त्यांतून निघणारा प्रश्न टाळण्याचेंही कारण नाहीं. बारा वर्षांचा मुलगा तेथें जाऊं म्हणतो, तो कदाचित् तेथें त्याला कोणी 'तुला काय वाटतें ?' असें विचारतें म्हणून. तोच प्रश्न त्यास प्रथम घरीं विचारला जावा. उत्तर ऐकण्यास आईबापांनीं बसावें, आणि आपण जें मानतों तें कां मानतों हें त्यास समजेल अशा शब्दांत सांगावें. सांगतां आलें नाहीं तर तेंही कबूल करावें व दोघांनीं मिळून शोधावें.

भगिनींनीं हें पत्रोत्तर भाच्यास अवश्य वाचून दाखवावें, आणि तो मुलगा काय म्हणाला तें आम्हांस कळवावें. त्याचें म्हणणें ऐकण्याची आम्हांस खरोखरच उत्कंठा आहे.